‘ढ’ मुलांविषयी दोन शब्द

आपल्या वर्णमालेतील ‘ढ’ हे अक्षर मोठे दुर्दैवी आहे. ‘श्री’ला पत्राच्या माथ्यावर मान मिळतो, ‘ग’, ‘म’, ‘भ’, ‘न’ यांना बालवर्गात पहिले आसन मिळते. परंतु ‘ढ’च्या वाट्याला काय येते, तर ज्या मुलास वाचता येत नाही त्याला चिडविण्याचे काम! याचे कारण असे सांगतात की, अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येताना बाकीच्या अक्षरांची रूपे पार पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होते तसेच राहिले. म्हणून वर्षे लोटली तरी ज्याच्यात फरक पडत नाही तो मुलगा ‘ढ’. ही हकीकत खरी असो वा मागाहून रचलेली असो. दोन हजार वर्षांहून अधिक काळ आपले रूप राखणाऱ्या अक्षराचे नाव मूर्खपणाला का द्यावे, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही. आणि ज्या मुलांना आपण हे नाव देतो, त्यांच्याविषयीची आपली समजूतही बहुधा अशीच ऐकीव व उथळ असते.

गेली बावीस वर्षे मी परभणी जिल्ह्यात माध्यमिक वर्गांना मराठी व इतिहास हे विषय शिकवीत आहे. माझे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले, अध्यापनाचे धडेही मी मिशनच्याच संस्थेत घेतले. या अवधीत पहिल्या क्रमांकाची मुले पुष्कळ पाहिली. त्यांची नावे सन्मानफलकावर आहेत आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. परंतु शाळा सुटल्यानंतरचा माझा पाऊण तास या सर्व वर्षांत ज्यांच्याबरोबर गेला, ती मुले फलकावर कोठेही नाहीत. पाचवी-सहावीत येऊनही ज्यांना ‘घर’ आणि ‘धर’ यांतील भेद ओळखताना घाम फुटतो, अशी ती मुले. वार्षिकासाठी काही अनुभवाचे लिहावे, अशी सूचना झाली तेव्हा त्यांच्याविषयीच लिहावे असे ठरविले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाचता न येणे हा रोग नव्हे, ती खूण आहे. अंगात ताप भरला म्हणजे शहाणा वैद्य तापाला शिव्या देत बसत नाही, तो कशाचा आहे हे शोधतो. त्याचप्रमाणे मूल वाचीत नाही असे दिसताच, ते का वाचीत नाही, हा प्रश्न शिक्षकाने व पालकांनी विचारावयास हवा. आणि आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाची उत्तरे एक नव्हे, अनेक आहेत.

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. पण त्या कोयत्याबरोबर मुलेही जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. वर्षातील निम्मे दिवस ज्याची पाटी कारखान्याच्या तळावर धूळ खात पडली, त्याला वाचता आले नाही तर नवल ते काय? असा एक मुलगा सहावीत माझ्याकडे आला, तेव्हा त्याला जोडाक्षर ठाऊक नव्हते. त्या वर्षी त्याची आजी गावी राहावयास तयार झाली आणि नातू तिच्यापाशी राहिला. दोन सत्रे सलग शाळा मिळताच तो धडाधड वाचू लागला. त्याच्यात उणे काहीच नव्हते. उणे होते ते शाळेचे दिवस.

दुसरे एखादे मूल फळ्यावरचे उतरवून घेताना चुका करते, याचे कारण त्याला फळाच नीट दिसत नसतो. चष्मा लावताच त्याची अर्धी ‘बुद्धी’ परत येते! तिसऱ्याचा कान लहानपणापासून वाहत असतो. ‘प’ आणि ‘ब’ त्याला सारखेच ऐकू येतात. चौथे मूल जिंतूरकडील तांड्यावरून आलेले असते. घरी ते गोरमाटी बोलते, आणि पुस्तकातील मराठी ही त्याला नवीन भाषा असते. या मुलांना वाचनाची अडचण आहे, परंतु तिचे मूळ बाहेर आहे. ते मूळ काढले म्हणजे अडचण सरते. हा निवाडा आधी करणे अत्यंत अगत्याचे आहे; कारण ज्याला केवळ शाळेचे दिवस हवेत त्याला अक्षम म्हणणे हा जितका अन्याय, तितकाच, ज्याला खरोखर निराळ्या शिकवणीची गरज आहे त्याला आळशी म्हणणे, हाही अन्यायच होय.

हे सर्व तपासून झाल्यावर काही मुले उरतात. त्यांची दृष्टी उत्तम असते, कान तीक्ष्ण असतात, हजेरी पुरी असते, घरची भाषा मराठी असते, आणि समज तर पुष्कळदा चारचौघांहून सरस असते. तरीही अक्षरे त्यांना वश होत नाहीत.

असा एक सातवीतील मुलगा मला चांगला आठवतो. त्याचे वडील मानवतच्या बाजारात कापूस घेऊन जात आणि मुलाला हटकून बरोबर नेत. याचे कारण मला वडिलांनीच सांगितले. क्विंटल-किलोचा हिशेब, त्यातून हमाली-तोलाई वजा जाता हाती काय पडावे, हे मुलगा काट्यापाशी उभ्या उभ्या तोंडाने सांगे. पट्टी करणारा कागदावर आकडे मांडीपर्यंत याचे उत्तर तयार असे. परंतु त्याच पट्टीवरील आपल्या गावाचे नाव त्याला वाचता येत नसे. वर्गात इतिहासाचा धडा मी एकदा सांगितला की प्रश्नांची उत्तरे तो बिनचूक देई. तोच धडा पुस्तकातून वाच म्हटले की त्याची मान खाली जाई.

त्याचे वडील एके दिवशी शाळेत आले आणि हात जोडून म्हणाले, “बाई, ह्येला समदं कळतंय. मग लिवाय-वाचायला कामून येत नाही?”

मी त्यांना म्हटले, “दादा, तुम्ही विचारलेला प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या डॉक्टरांनाही पडला होता. बसा, सांगते.” त्यांना जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने सांगते.

इ. स. १८९६ मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने तेथील एका वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, गणितात चांगला होता, सात वर्षे शिकत होता. परंतु लहान-सहान शब्दांपलीकडे त्याला वाचता येत नव्हते. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांच्या पुढे असता, असे त्याच्या शिक्षकाचेच मत असल्याचे त्या लेखात नमूद आहे. डॉक्टरांनी या प्रकाराला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधी, १८८७ साली, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने योजला होता. पुढे अमेरिकेत डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ च्या सुमारास अशा मुलांचा अभ्यास करून त्यांना शिकविण्याच्या पद्धतीचा पाया घातला, आणि १९६३ साली सॅम्युएल कर्क यांनी वाचन, लेखन, गणित यांतील अशा सर्व अडचणींना मिळून ‘अध्ययन अक्षमता’ हे नाव रूढ केले. आज जगभरच्या तज्ज्ञांचा अदमास असा आहे की, शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांमागे पाच ते पंधरा मुलांना ही अडचण कमी-अधिक प्रमाणात असते. म्हणजे साठांच्या वर्गात तीन ते नऊ! असा वर्ग नाही की जेथे असे मूल नाही.

याचे कारण काय? बोलणे मनुष्याला निसर्गाने दिले आहे. मूल घरात वाढता वाढता बोलू लागते. लेखन ही मात्र मनुष्याने केलेली युक्ती आहे आणि तिचे वय पाच हजार वर्षांच्या आसपास आहे. मेंदूत वाचनासाठी जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही. डोळ्यांनी पाहण्याचे काम करणारा भाग आणि भाषा सांभाळणारा भाग यांच्यामध्ये प्रत्येक मुलाला स्वतः चालून चालून पायवाट पाडावी लागते. बहुतेकांची वाट लवकर मळते. काहींची वाट खडकाळ भागातून जाते. तिथे दहा फेऱ्यांनी जे होते त्याला शंभर फेऱ्या लागतात. शब्दांतील ध्वनी सुटे करणे व त्यांची अक्षरांशी गाठ घालणे, हेच त्यांना जड जाते. हा दोष डोळ्यांचा नाही, बुद्धीचा नाही, आईबापांच्या वळणाचा तर मुळीच नाही. पुष्कळदा तो घराण्यात चालत आलेला असतो. आणि मुलाची तक्रार घेऊन आलेले वडील हळूच म्हणतात, “बाई, माझंबी असंच व्हतं,” तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

बुद्धी आणि अक्षर ही एक नव्हेत, हे आपल्या जिल्ह्याला तरी निराळे सांगावयास नको. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि खेड्यापाड्यांतील असंख्य मराठी माणसे अक्षरओळखीविनाच आयुष्य काढीत होती. तीच माणसे शेताचे, गुराढोरांचे, देण्याघेण्याचे हिशेब तोंडावर राखीत. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्या भूमीत जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या किती बायांना आपली ओवी कागदावर वाचता आली असती? त्यांना कोणी मंदबुद्धी म्हटले नाही. मग त्यांच्याच पणतवंडाला आपण तसे का म्हणावे?

आपली देवनागरी लिपी इंग्रजीच्या मानाने पुष्कळ सरळ आहे. जसे लिहावे तसे बहुतांशी वाचावे. त्यामुळे आपल्याकडील अशी मुले अगदीच चुकीचे वाचतात असे नाही; ती फार सावकाश, अक्षर अक्षर चाचपडत वाचतात, आणि वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरतात. परंतु देवनागरीच्याही आपल्या म्हणून काही खाचा आहेत. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘ब’ व ‘व’ ही जोडपी एकमेकांसारखी दिसतात. ‘ख’ हे अक्षर ‘र’ आणि ‘व’ शेजारी उभे केल्यासारखे भासते. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, पण उच्चारावयाची मागाहून. रफार डोक्यावर बसतो एका अक्षराच्या आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. ज्या मुलाला अक्षरांचा क्रम धरून ठेवणेच कठीण, त्याला ही उलटापालट किती छळत असेल, याची कल्पना करावी.

अंकांचेही तेच. ‘तेवीस’ म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. ‘एकोणतीस’ म्हणताना कानांवर तीस पडतो आणि लिहावयाचा असतो दोनावर नऊ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी संख्यावाचनाची जोडरीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! मराठी भाषा बुडाली, असेही लोक म्हणाले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जुनी रीत काढलेली नाही. लहान मुलांना सोपे जावे म्हणून दुसरी तिच्या जोडीला दिली आहे. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला इतकेच ठाऊक आहे की, माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांनी ‘बत्तीस’ ऐकून २३ लिहिलेले मी पाहिले आहे, आणि ‘तीस दोन’ म्हणताच त्यांचा हात बरोबर चालला आहे.

आता उपाय. पालक विचारतात, यावर औषध आहे काय? औषध नाही, परंतु शिकविण्याची रीत आहे, आणि ती जादूची नसून चिकाटीची आहे. आरंभ कानापासून करावा लागतो. ‘कमळ’ या शब्दातील ‘क’ काढून टाकला तर काय उरते? ‘मळ’. ‘बाजरी’तील ‘बा’ गेला तर? ‘जरी’. हा खेळ तोंडीच खेळावयाचा. त्यात हात बसला की अक्षराकडे यावयाचे. अक्षर डोळ्यांनी पाहावयाचे, तोंडाने म्हणावयाचे आणि त्याच वेळी बोटाने रेतीत गिरवावयाचे. परदेशात या पद्धतीला मोठमोठी नावे आहेत. परंतु पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी याहून निराळी ती काय होती? जुन्या मंडळींचे सगळेच टाकाऊ नव्हते. छडी गेली ते उत्तम झाले, पण धूळपाटी गेली ही हानी झाली.

सारखी दिसणारी अक्षरे एका दिवशी शिकवू नयेत. ‘घ’ पक्का होऊन महिना लोटला म्हणजे ‘ध’ला हात घालावा. बाराखडी नुसती घोकून घेऊ नये. पुष्कळ मुले ‘क का कि की’ सुरात म्हणतात, परंतु ‘के’वर बोट ठेवून विचारले तर पहिल्यापासून म्हणत येतात, त्यांना बाराखडीचे गाणे येते, अक्षरे येत नाहीत. पुठ्ठ्याला ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर ठेवली म्हणजे नजर भरकटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अशा मुलास भर वर्गात अवचित उभे करून मोठ्याने वाचावयास सांगू नये. त्याला कोणता परिच्छेद वाचावयाचा आहे हे आदल्या दिवशी सांगावे. तो घरी दहा वेळा वाचून येईल आणि मान वर करून वाचील.

कापसाचा हिशेब करणाऱ्या त्या मुलाबरोबर असे तीन वर्षे चालले. पहिल्या वर्षाच्या शेवटी तो सोपी वाक्ये वाचू लागला. दुसऱ्या वर्षी एके दिवशी धावत येऊन त्याने सांगितले, “बाई, यष्टीची पाटी वाचली! कोणाला इचारलं नाही.” दुसऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्याने आजवर प्रत्येक गाडीपाशी ‘ही कोठे जाते?’ असे परक्याला विचारले, त्याला ती काय वाटली असेल, हे त्याच्या मुद्रेवर दिसत होते.

पुढे दहावीची परीक्षा आली. येथे कायद्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुष्कळ पालकांस त्याची माहिती नसते. महाराष्ट्र शासनाने १९९६ सालापासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. अधिक वेळ, लेखनिकाचे साहाय्य, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, अशा त्या सवलती होत. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था निघाली, आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी या मुलांच्या तपासणीचे मोठे काम उभे केले. केंद्राच्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या अडचणीचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळाले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली तयार केलेली चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजी यांबरोबर मराठीतही आहे, ही आपल्यासाठी विशेष समाधानाची गोष्ट. कारण मराठी मुलाचे वाचन इंग्रजीतून जोखणे हे बाजरीचे पीक उसाच्या मापाने मोजण्यासारखे आहे.

कायदा मुंबईत लवकर पोहोचतो, खेड्यात सावकाश. त्या मुलाच्या दाखल्यासाठी वडिलांना दूरच्या शहरात तीन खेपा कराव्या लागल्या. एका खेपेस, संबंधित अधिकारी रजेवर असल्याचे तेथे पोहोचल्यावर कळले. ऐन वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तो गृहस्थ गेला, परतला आणि पुन्हा गेला. दाखला मिळाला. मुलगा परीक्षेला बसला. प्रश्न वाचून दाखविण्यास व उत्तरे लिहिण्यास लेखनिक होता. तो दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. आज तो विजेच्या मोटारी दुरुस्त करतो आणि ग्राहकांच्या पावत्या स्वतःच्या हाताने लिहितो. अक्षर वेडेवाकडे आहे. हिशेब पूर्वीप्रमाणेच बिनचूक.

त्या वर्षी वर्गातील एका हुशार विद्यार्थ्याने मला विचारले होते, “बाई, त्याला जास्त वेळ आणि आम्हाला नाही, हा आमच्यावर अन्याय नाही का?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर सर्व विद्यार्थ्यांसाठी येथे देते. समजा, गावात दोन विहिरी आहेत. एकीचे पाणी वीस हातांवर आहे, दुसरीचे साठ हातांवर. दोघांनाही वीस हातांचाच दोर दिला, तर वाटणी समान झाली, हे खरे. पण एक जण पाणी प्याला आणि दुसऱ्याची घागर कोरडीच राहिली. दुसऱ्याला लांब दोर दिला म्हणून पहिल्याच्या विहिरीचे पाणी कमी होत नाही. शिवाय तो लांब दोर ओढण्याचे श्रम ज्याचे त्यालाच करावे लागतात, हेही विसरू नये.

सगळ्याच हकीकती अशा गोड नाहीत. एका मुलीविषयी लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. मुली बहुधा गप्प बसतात, वही नीटनेटकी ठेवतात, शेजारणीचे पाहून उतरवितात; त्यामुळे त्यांची अडचण मुलांच्या मानाने उशिरा ध्यानात येते. हिचीही आठवीत ध्यानात आली. मी आईला बोलावून तपासणी व दाखल्याविषयी समजावून सांगितले. माउलीने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाई, तुमचं खरं आहे. पण तो कागद एकदा घरात आला की गावात बोभाटा व्हईल. उद्या पोरीला कोण पदरात घेईल?” मी पुष्कळ सांगितले. ती रागावली नाही, भांडली नाही. केवळ मान हलवीत राहिली. नववीची परीक्षा झाली, आणि पुढच्या जूनमध्ये त्या मुलीचे नाव हजेरीपटावर नव्हते.

त्या आईला दोष देणे सोपे आहे; मी देणार नाही. तिचे भय तिने निर्माण केलेले नव्हते. ते आपण सर्वांनी, ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘येडी’ या शब्दांनी, थोडे थोडे करून उभे केले आहे. कागदावरील अक्षमतेपेक्षा लोकांच्या जिभेवरील अक्षमता मुलीला अधिक नडली.

२००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोहोचला, याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. परंतु तेव्हापासून एक नवी समजूतही पसरली. पालक विचारू लागले, “याला वाचता येत नाही, तर मग याच्यात दुसरा कोणता मोठा गुण दडलेला आहे?” चित्रपटातील मुलगा अप्रतिम चित्रकार असतो, प्रत्यक्षातील प्रत्येक मूल तसे नसते. कोणी हिशेबात तरबेज असते, कोणी सुरेल गाते, आणि कोणी अगदी चारचौघांसारखे असते. त्या चारचौघांसारख्या मुलाचाही वाचनावर तेवढाच हक्क आहे. वाचता न येण्याची भरपाई म्हणून त्याने कोणताही चमत्कार करून दाखविण्याचे कारण नाही. मूल आहे, शिकू इच्छिते, एवढे पुरेसे आहे.

तेव्हा पालकांस माझी विनंती अशी. आपले मूल तोंडी चांगले सांगते, परंतु वाचताना अडखळते, असे दिसले तर ‘मोठे झाल्यावर येईल’ म्हणून वाट पाहू नये. आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. मग वर्गशिक्षकांस भेटावे. रोज पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसावे. आपणास स्वतःस वाचता येत नसले तरी हरकत नाही. त्याने वाचावे, आपण ऐकावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये; त्याची तुलना त्याच्याच मागील महिन्याशी करावी. मारू तर मुळीच नये. माराने वाट पडत नाही, केवळ वाटेची भीती बसते.

आणि विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल. मधल्या सुट्टीत त्याला एक पान वाचून दाखविण्यास तुम्हाला पाच मिनिटे लागतील. तो अडखळला तर शब्द त्याच्या तोंडातून ओढून घेऊ नका, थोडे थांबा. त्याला तो शब्द सापडतो, फक्त तुमच्यापेक्षा थोडा उशिरा. शाळा सुटल्यानंतर माझ्या खोलीचे दार रोज पाऊण तास उघडे असते. रेतीचे ताट तेथेच खिडकीखाली ठेवलेले आहे. ज्याला यावयाचे असेल त्याने नि:संकोच यावे, आणि येताना आपल्या अशा एखाद्या मित्रालाही हाताला धरून आणावे.